माऊसवरचा हात उचला: म्युझिक सॉफ्टवेअरचे शॉर्टकट हाताला कसे बसवायचे

गणपती जवळ आले की कोल्हापुरातल्या घरगुती स्टुडिओवाल्यांना उसंत नसते. एका मंडळाचं गाणं, दुसऱ्याची मिरवणुकीची एंट्री, तिसऱ्याला पोवाड्याच्या मागं हलगी भरून पाहिजे, आणि सगळ्यांना संध्याकाळपर्यंतच पाहिजे. अशा वेळी आपल्याकडं चांगला माईक आहे का, प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा इफेक्ट किंवा वाद्य) कुठलं आहे यापेक्षा आपला हात किती झपाझप चालतो यावर काम निघतं हे ज्यांनी केलंय त्यांना माहितीय. तरी बरेच जण वर्षानुवर्षं तेच सॉफ्टवेअर वापरतात आणि प्रत्येक कट मेनूत जाऊन मारतात. त्यांच्यासाठी हा लेख आहे, आणि नवीन शिकणाऱ्या पोरापोरींसाठी तर आहेच, कारण चुकीची सवय लागायच्या आधीच हे शिकलेलं लय सोपं पडतं.

आधी वेळेचा हिशोब बघू. समजा मेनूतून एक कट मारायला ४ सेकंद जातात आणि एका गाण्यात गायन, कोरस, ताल सगळं धरून ३०० कट आहेत, तर १२०० सेकंद झाले, म्हणजे २० मिनिटं नुसती कट मारायला. पण मला विचाराल तर वेळ वाचतो ही दुय्यम गोष्ट आहे. खरी गोष्ट कानाची आहे. तुम्ही ओळ ऐकली, "इथं श्वास जास्त येतोय" असं वाटलं, आणि मग मेनू उघडून नाव शोधायला लागलात की डोळे वाचायला लागतात आणि कान सुटतो. परत ओळ लावायची, परत ऐकायचं. शॉर्टकट, म्हणजे मेनूत न जाता थेट काम करणारी की, हातात असला की ऐकता ऐकताच काम होतं आणि गाण्याचा धागा तुटत नाही. दिवसभर काम करून पण कान ताजा राहतो तो यामुळं.

मी उदाहरणं मुख्यतः रीपर या रेकॉर्डिंग-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधली देणार आहे. कारण सरळ आहे, त्यात जवळपास प्रत्येक गोष्टीची की आपल्याला बदलता येते, ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि जुन्या लॅपटॉपवर पण चालतं. एफएल स्टुडिओ, एबल्टन लाईव्ह, क्युबेस, लॉजिक ही अशीच दुसरी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी मधेमधे त्यांच्या की सांगतो. विंडोजच्या की लिहिल्यात, मॅकवर साधारणपणे कंट्रोलच्या जागी कमांड धरायचं.

पहिली पायरी: यादी पाठ करू नका, स्वतःचं काम बघा

नेटवर दोनशे शॉर्टकटचा चार्ट मिळतो, लोक तो प्रिंट काढून भिंतीला चिकटवतात आणि त्यातले सहा पण वापरत नाहीत. त्यापेक्षा असं करा. शेजारी वही ठेवा आणि नेहमीचं काम अर्धा-पाऊण तास करा. माऊस जेव्हा जेव्हा मेनूत किंवा वरच्या बटणांकडं जाईल तेव्हा वहीत ते काम लिहून पुढं एक रेघ मारा. कट, रेघ. अनडू, रेघ. झूम, रेघ. नवीन ट्रॅक, रेघ. शेवटी बघा कुठल्या कामापुढं रेघा जास्त आहेत.

भजन-अभंग रेकॉर्ड करणाऱ्याच्या वहीत कट, फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) आणि टेक (एकेका वेळचं रेकॉर्डिंग) बदलणं वर येईल. बीट बनवणाऱ्याच्या वहीत डुप्लिकेट आणि क्वांटाइझ (मागंपुढं पडलेले सूर-ठोके तालावर बसवणं) वर येईल. शॉर्ट फिल्मचं साउंड करणाऱ्याचं मार्कर (टाइमलाइनवरची खूण) आणि झूम. म्हणून दुसऱ्याची यादी आपल्याला लागू पडत नाही. वरची पाच कामं तेवढी निवडा, बाकीचं सध्या मेनूतूनच चालू दे, त्यात काही बिघडत नाही.

दुसरी पायरी: डावा हात कीबोर्डवर बसवा

उजवा हात माऊसवर असतो, म्हणजे डावा हात मोकळा. बरेच जण तो हनुवटीला लावून बसतात. डाव्या हाताची करंगळी कंट्रोल आणि शिफ्टच्या आसपास, अंगठा स्पेसबारवर, बाकीची बोटं ए, एस, डी, एफ वर अशी बसवा. आता जी की या हाताच्या पंजात येते ती चांगली की. एखादा शॉर्टकट कीबोर्डच्या उजव्या टोकाला असेल तर उजवा हात माऊसवरून उचलावा लागतो, आणि मग मेनूत गेलेलं काय वाईट? म्हणून रोजच्या कामाची की लांब असली तर ती बदलून डावीकडं आणायची, कसं ते पुढं सांगतो.

लॅपटॉपवाल्यांना इथं दोन अडचणी येतात. एक, एफ१ ते एफ१२ दाबलं की आवाज आणि ब्राइटनेस बदलतो. एफएल स्टुडिओत तर एफ५ ला प्लेलिस्ट, एफ६ ला चॅनल रॅक, एफ७ ला पियानो रोल, एफ९ ला मिक्सर, म्हणजे सगळा कारभारच या कीजवर आहे. बऱ्याच लॅपटॉपवर फंक्शन आणि एस्केप एकत्र दाबलं की एफएन लॉक बदलतो, नाहीतर बायॉसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ती सोय असते. दुसरी अडचण नंबरपॅड नसण्याची. क्युबेसमध्ये रेकॉर्डला नंबरपॅडवरचा गुणाकार आणि सायकलला (तोच भाग परत परत वाजवायला) भागाकार आहे, त्यामुळं छोट्या लॅपटॉपवर क्युबेस शिकणाऱ्यांची पहिल्याच दिवशी पंचाईत होते. यावर सोपा उपाय म्हणजे राजारामपुरीतल्या कुठल्या पण कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन ५००-७०० रुपयांचा साधा वायरवाला पूर्ण कीबोर्ड आणायचा. महागड्या मेकॅनिकल कीबोर्डची गरज नाही, उलट त्याची टकटक माईकमध्ये येते.

तिसरी पायरी: सगळ्यात आधी या कीज

स्पेस म्हणजे प्ले आणि स्टॉप, हे सगळीकडं जवळपास सारखं. कंट्रोल झेड अनडू. कंट्रोल एस सेव्ह, आणि पावसाळ्यात आपल्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही त्यामुळं प्रत्येक चांगल्या टेकनंतर कंट्रोल एस हे हाताला लागलंच पाहिजे. रीपरच्या प्रेफरन्समध्ये ठरावीक मिनिटांनी आपोआप वेगळी फाईल सेव्ह करायची सोय आहे, ती चालू करा, पण म्हणून कंट्रोल एस सोडू नका.

रीपरमध्ये रेकॉर्ड कंट्रोल आर, नवीन ट्रॅक कंट्रोल टी, मिक्सर दाखवा-लपवा कंट्रोल एम, प्रोजेक्टच्या सुरुवातीला जायला होम, लूप चालू-बंद करायला नुसता आर. एबल्टनमध्ये कंट्रोल टी ऑडिओ ट्रॅक आणि कंट्रोल शिफ्ट टी मिडी ट्रॅक (आवाजाऐवजी कुठला सूर कधी वाजवायचा याच्या सूचना ठेवणारा), टॅब दाबला की सेशन आणि अरेंजमेंट व्ह्यू बदलतो, रेकॉर्ड एफ९. लॉजिकमध्ये आर रेकॉर्ड, सी सायकल, एक्स मिक्सर, के मेट्रोनोम.

मार्करची सवय पण याच टप्प्यावर लावा. रीपरमध्ये एम दाबला की कर्सर असेल तिथं मार्कर पडतो, आणि वरच्या आकड्यांच्या ओळीतला १ दाबला की पहिल्या मार्करवर, २ दाबला की दुसऱ्यावर उडी. मुखडा १, पहिला अंतरा २, दुसरा अंतरा ३ असं ठेवलं की गायक "दादा, अंतऱ्यापासून घेऊया" म्हणायच्या आत तुम्ही तिथं पोचलेले असता. गायक माईकसमोर उभा असताना आपण शोधत बसलो की त्याचा मूड जातो, म्हणून ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

चौथी पायरी: कट, डुप्लिकेट, झूम

एडिटिंगचं मुख्य काम या तिघांवर चालतं. कट मारायला रीपरमध्ये एस, एबल्टनमध्ये कंट्रोल ई, क्युबेसमध्ये ऑल्ट एक्स, लॉजिकमध्ये कमांड टी, आणि एफएलच्या प्लेलिस्टमध्ये सी दाबून स्लाइस टूल घ्यायचा. डुप्लिकेटला रीपर, एबल्टन आणि क्युबेस तिन्हीत कंट्रोल डी, एफएलमध्ये कंट्रोल बी. क्वांटाइझला एबल्टनमध्ये कंट्रोल यू, क्युबेसमध्ये क्यू, एफएलच्या पियानो रोलमध्ये कंट्रोल क्यू.

झूमकडं लोक लक्ष देत नाहीत पण वहीतल्या सगळ्यात जास्त रेघा तिथंच पडतात. रीपरमध्ये माऊसचं चाक फिरवलं की आडवा झूम, कंट्रोल धरून फिरवलं की उभा झूम, ऑल्ट धरून फिरवलं की डावीकडं-उजवीकडं सरकणं. क्युबेसमध्ये जी ने लांब आणि एच ने जवळ. एबल्टनच्या अरेंजमेंटमध्ये भाग सिलेक्ट करून झेड दाबला की तेवढाच भाग स्क्रीनभर होतो. स्क्रोलबार माऊसनं ओढत बसायचं बंद केलंत की बाकी काही नाही शिकलात तरी फरक कळेल.

आता एक काम जवळून बघू, हलगीचा लूप. समजा हलगीचं दोन मिनिटाचं रेकॉर्डिंग आहे आणि त्यातलं एक स्वच्छ आवर्तन काढून गाणंभर लावायचंय.

रीपरमध्ये तो आयटम (टाइमलाइनवरचा रेकॉर्डिंगचा तुकडा) सिलेक्ट करा, होम दाबून सुरुवातीला या. आता टॅब दाबा. कर्सर पुढच्या ठोक्यावर म्हणजे ट्रान्झियंटवर उडी मारतो, परत टॅब, पुढचा ठोका. इथं हलगीची एक गंमत आहे, एका हातात जाड काठी आणि दुसऱ्या हातात बारीक लांब काडी असते, त्या बारीक काडीचे हलके ठोके पण सॉफ्टवेअर पकडतं आणि टॅब प्रत्येक किरकिरीवर थांबत जातो. तसं झालं तर ॲक्शन लिस्टमध्ये (ती कशी उघडायची ते सहाव्या पायरीत सांगितलंय) ट्रान्झियंट डिटेक्शनचं सेटिंग शोधून सेन्सिटिव्हिटी कमी करा, म्हणजे फक्त जोरातले ठोके धरले जातील.

ज्या ठोक्यावर आवर्तन सुरू होतं तिथं पोचलात की एस. उजवीकडचा तुकडा सिलेक्ट राहिला पाहिजे, नसेल तर त्यावर एक क्लिक करा. परत टॅब, टॅब, टॅब करत पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यापर्यंत जा आणि परत एस. मधला तुकडा म्हणजे तुमचं आवर्तन. मागचापुढचा भाग सिलेक्ट करून डिलीट. मग तुकडा सिलेक्ट करून कंट्रोल डी, कंट्रोल डी, कंट्रोल डी. जोडाच्या जागी टक असा आवाज आला तर कट ठोक्याच्या अगदी वर पडलाय, केसभर मागं घ्या. अख्ख्या कामात डाव्या हाताला टॅब, एस, कंट्रोल डी एवढंच लागलं आणि तुमचा कान सतत ठोक्यावर राहिला. आवर्तन निवडताना वादकानं कुठं जोर दिलाय ते ऐकायचं असतं, ते असं ऐकू येतं.

हेच ढोलकीला पण चालतं, फक्त ढोलकीच्या बायाचा घुमारा मागं रेंगाळतो त्यामुळं कटनंतर शेपटाला छोटा फेड द्या.

पाचवी पायरी: सराव कसा करायचा

एका वेळी तीनच शॉर्टकट. ते एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून स्क्रीनच्या खालच्या कडेला लावा. आता नियम असा की त्या तीन कामांसाठी मेनूत जायचं नाही. विसरलात तर चिठ्ठी बघा, पण हात कीबोर्डवरूनच चालला पाहिजे. सुरुवातीला काम हळू होईल, चिडचिड होईल, आणि नेमकं याच टप्प्यावर लोक सोडून देतात. म्हणून गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना किंवा डिलिव्हरीच्या दिवशी नवीन शॉर्टकट शिकायला घेऊ नका, निवांत दिवस धरा.

सरावासाठी वेगळा प्रोजेक्ट करा. जुनं एखादं रेकॉर्डिंग घ्या, त्याची कॉपी करा, आणि त्यात मुद्दाम तीस जागी कट मारा, प्रत्येक दुसरा तुकडा डिलीट करा, उरलेले जोडा. मोबाईलवर टायमर लावा. दुसऱ्या दिवशी परत तेच. संगीत शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, पेटीवर पलटे घोटतो तसंच हे घोटायचं, हळू आणि बिनचूक, वेग आपोआप येतो. चिठ्ठीकडं बघायची गरज पडेनाशी झाली की ती काढून पुढचे तीन लावा.

तोंडानं म्हणत दाबलं तर लवकर बसतं असा माझा अनुभव आहे. "कट, एस", "डबल, कंट्रोल डी". घरातले बघतील तर बघू दे.

सहावी पायरी: आपल्या कीज आपण ठरवा

रीपरमध्ये प्रश्नचिन्हाची की, म्हणजे शिफ्ट आणि स्लॅश, दाबली की ॲक्शन लिस्ट उघडते. वरच्या फिल्टरच्या चौकटीत कामाचं नाव टाइप करा, उदाहरणार्थ स्प्लिट, खाली त्या नावाच्या सगळ्या ॲक्शन दिसतील. एक निवडा, ॲड दाबा, आणि पाहिजे ती की दाबा. ती की आधीच दुसऱ्या कामाला असेल तर सॉफ्टवेअर विचारतं, तेव्हा नीट वाचा मगच हो म्हणा. फाईंड शॉर्टकट नावाचं बटण पण आहे, ते दाबून कुठली पण की दाबली की ती कशाला लावलेली आहे ते कळतं.

एक लक्षात ठेवा, ॲक्शन लिस्टमध्ये मुख्य खिडकी, मिडी एडिटर असे वेगवेगळे विभाग असतात. मुख्य खिडकीत लावलेली की मिडी एडिटरमध्ये चालेलच असं नाही.

लॉजिकमध्ये ऑप्शन के दाबून की कमांड्सची खिडकी उघडते आणि तिथं पण कीज बदलता येतात. क्युबेसमध्ये एडिट मेनूत की कमांड्स आहे.

आता खरी ताकद कुठं आहे ती सांगतो, कस्टम ॲक्शन. म्हणजे चार-पाच कामं एका कीवर. गायनातला श्वास कमी करण्याचं उदाहरण घ्या. श्वास पूर्ण कापून टाकला की गायन मेल्यासारखं वाटतं, विशेषतः अभंगात आणि पोवाड्यात, शाहिराचा श्वास हा त्या जोशाचाच भाग आहे, तो नुसता थोडा दाबायचा असतो. तर ॲक्शन लिस्टमध्ये न्यू कस्टम ॲक्शन करा आणि त्यात या ॲक्शन क्रमानं ओढून टाका: पहिली, आयटम टाइम सिलेक्शनवर (टाइमलाइनवर माऊसनं ओढून निवडलेल्या भागाच्या कडांवर) स्प्लिट करणारी. दुसरी, सगळे आयटम अनसिलेक्ट करणारी. तिसरी, सिलेक्ट केलेल्या ट्रॅकवरचे टाइम सिलेक्शनमधले आयटम सिलेक्ट करणारी. आणि शेवटी आयटमचा व्हॉल्यूम १ डीबीनं (डेसिबल, आवाजाचं माप) कमी करणारी ॲक्शन सहा वेळा. कन्सॉलिडेट अनडू पॉइंट्सची खूण करा म्हणजे एका कंट्रोल झेडमध्ये सगळं मागं येईल. नाव द्या "श्वास कमी" आणि डाव्या हाताखालची एखादी मोकळी की लावा.

आता गायनाच्या ट्रॅकवर क्लिक करून तो सिलेक्ट ठेवायचा, ओळ ऐकायची, माऊसनं श्वासावर टाइम सिलेक्शन ओढायचं, की दाबायची. श्वास ६ डीबीनं खाली. जास्त वाटला तर अनडू, कमी वाटला तर आकडा बदलून दुसरी ॲक्शन बनवा. अख्खं पोवाड्याचं गायन असं एका बैठकीत साफ होतं.

शॉर्टकट चालेना झाला तर

हे प्रश्न नवशिक्यांना हमखास पडतात.

प्लगइनच्या खिडकीत क्लिक केलेलं असतं आणि मग स्पेस दाबला तरी गाणं वाजत नाही, कारण की प्लगइनला जाते. टाइमलाइनवर रिकाम्या जागी एक क्लिक करा.

अक्षरं दाबली की सूर वाजतात. एबल्टनमध्ये एम दाबून कॉम्प्युटर मिडी कीबोर्ड बंद करा, एफएलमध्ये कंट्रोल टी. रीपरमध्ये व्हर्च्युअल मिडी कीबोर्डची खिडकी उघडी राहिलेली असते, ती ऑल्ट बी नं बंद होते.

कीबोर्ड मराठीवर राहिला. व्हॉट्सॲपवर कुणाला तरी मराठीत टाइप केलं, परत आलो, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे शॉर्टकट गडबडतात. विंडोज आणि स्पेस दाबून भाषा इंग्रजीवर आणा.

रीपरमध्ये एक तुकडा हलवला आणि पुढचं सगळं गाणं सरकलं? ऑल्ट पी चुकून दाबलं गेलंय, रिपल एडिटिंग चालू झालंय. आधी कंट्रोल झेड, मग ऑल्ट पी दाबत ते बंद करा. एखादी ओळ काढून पुढचं सगळं जवळ ओढायचं असेल तेव्हा हाच रिपल फार कामाला येतो, पण वापर झाला की लगेच बंद करायची शिस्त पाहिजे.

माऊसशिवाय पूर्ण गाणं

शॉर्टकट म्हणजे फक्त घाईवाल्यांची सोय असं कुणाला वाटत असेल तर एक गोष्ट सांगायची आहे. दृष्टिहीन संगीतकार आणि साउंड इंजिनिअर रीपर पूर्णपणे कीबोर्डवर चालवतात. विंडोजवर एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि रीपरसाठी ओसारा नावाचं फुकट एक्स्टेन्शन, या दोघांच्या जोरावर रेकॉर्डिंग, एडिटिंग, मिक्सिंग सगळं होतं. तुमच्या ओळखीत कुणी दृष्टिहीन गायक किंवा वादक असेल तर त्याला किंवा तिला हे नक्की सांगा, शेजारी बसून इन्स्टॉल करून द्या. आपल्या भागात गळा आणि हात असलेली अशी कितीतरी माणसं आहेत ज्यांना हे करता येतं हेच कुणी सांगितलेलं नाही.

१९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी याच कोल्हापुरात सुरू झाली, पुढं १९३३ मध्ये पुण्याला गेली. बोलपट आल्यावर तिथलं ध्वनिमुद्रण सांभाळणारे विष्णुपंत दामले पडदे रंगवण्याच्या कामातून पुढं आले होते आणि नवीन यंत्र हातानं शिकले. या गावात हातानं शिकायची परंपरा आहे, कीबोर्ड तरी काय अवघड आहे!

शेवटची पायरी: कीज सोबत न्या

एवढं सगळं बसवलं आणि उद्या विंडोज टाकायला लागलं तर? ॲक्शन लिस्टमध्येच की मॅप नावाचं बटण आहे, त्यातून एक्सपोर्ट करून ती फाईल पेन ड्राइव्हवर आणि ईमेलवर दोन्हीकडं ठेवा. कस्टम ॲक्शन पण त्यात येतात. नवीन कीज लावल्या की महिन्यातून एकदा परत एक्सपोर्ट करा आणि फाईलच्या नावात तारीख टाका.

पुण्या-मुंबईला दुसऱ्याच्या स्टुडिओत काम करायला जाणार असाल तर त्यांच्या मशिनवर आपला की मॅप टाकू नका, त्यांच्या कीज बिघडतात आणि भांडण नको. त्यापेक्षा रीपर इन्स्टॉल करताना पोर्टेबल इन्स्टॉलचा पर्याय निवडून पेन ड्राइव्हवर किंवा एसएसडीवर टाका, मग तुमचं रीपर, तुमच्या कीज, तुमचं सेटिंग सगळं त्यातूनच चालतं आणि त्यांच्या सेटिंगला हात लागत नाही. फक्त तुमचे प्लगइन तिथं आहेत का ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि नसतील तर ते ट्रॅक इफेक्टसकट ऑडिओ करून न्या.